उसन्या नावाचा डिफेंडर

ग्वायाकिल, १९ ऑगस्ट १९९६

प्रिय ओल्मेदो,

पत्र बसच्या कंडक्टरकडे देतोय, पोस्टावर माझा विश्वास नाही. कंडक्टर लोक पत्रं उघडून वाचतात, म्हणूनच वर 'ओल्मेदो' लिहिलंय. तेव्हा नेहमीची कुरकुर करू नकोस.

मी थांबलो. परवाच्या रविवारी शेवटचा सामना झाला. अठरा वर्षं रिओ आंचो हा एकच क्लब, एकच चार नंबरचा शर्ट, आणि त्यांनी निरोपाला काय दिलं, तर मनगटी घड्याळ. तेही बायकी. माझ्याबरोबर एका फॉरवर्डलाही निरोप होता. सहा वर्षं खेळला, त्यातली चार गवतावर लोळत रेफ्रीकडे बघण्यात घालवली. त्याच्यासाठी प्रेक्षक रडले. नव्वद मिनिटं घाम मी गाळायचा, आणि शेवटच्या मिनिटाला या महाशयांच्या ढुंगणाला लागून चेंडू आत गेला की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो त्यांचा. गोलकीपर अर्धे वेडेच असतात, त्यांना मी माफ केलंय. रेफ्रींविषयी लिहिलं तर तुला हे पत्र आईला वाचून दाखवता येणार नाही.

आता मुद्दा. अबेलार्दोकाका इथे येऊन गेले. गावात मैदान बांधायचं ठरलंय. कुंपण, दोन्ही बाजूंना बसायला पायऱ्या, कपडे बदलायला खोली. नाव 'इटालो आनांगोनो मैदान'. सिमेंट प्रांताचं, गोलपोस्ट क्लबचे, आणि जागा मी देतो असं सांगून टाकलं. नदीकाठचा आपला तुकडा सपाट आहे, आणि कागदावर तो इटालो आनांगोनोचा आहे, म्हणजे माझा. तसंही तिथे पिकतं काय? तूर. लहानपणी इतकी तूर खाल्ली आहे की यापुढे शेंग दिसली नाही तरी माझं काही अडणार नाही.

सहा ऑक्टोबरला, रविवारी समारंभ. राजधानीतून पत्रकार येतायत. इबाराच्या नोटरीबाई जागेवरच सह्या घेतील. तू पांढरा शर्ट घाल, असला तर.

क्लबच्या जुन्या शर्टांचं एक पार्सल बसने पाठवलंय, गावच्या टीमसाठी. ओल्मेदो आनांगोनोच्या नावाने आहे. बस ऑफिसच्या खिडकीवर ओळखपत्र दाखव, त्याशिवाय ते लोक काही देत नाहीत.

आईला नमस्कार.

तुझा भाऊ,
इटालो आनांगोनो


एल रेमोलिनो, २ सप्टेंबर १९९६

दादा,

कंडक्टर वाचतो तर खुशाल वाचू दे. ओल्मेदो तू आहेस. इटालो मी आहे. तू विसरला असशील म्हणून पहिल्यापासून सांगतो.

अठ्ठ्याहत्तर साली रिओ आंचोचा माणूस सोळा वर्षांखालची मुलं निवडायला आपल्या खोऱ्यात आला, तेव्हा तू अठरा पूर्ण होतास, चांगली मिशी फुटलेली. अबेलार्दोकाका तेव्हा गावचे कोच. त्यांनी स्वतःच्या वस्तऱ्याने तुझी मिशी उतरवली आणि माझा जन्मदाखला तुझ्या हातात दिला. मी पंधराचा होतो. क्लबच्या माणसाने आईला विचारलं, बाई, हाच ना तुमचा इटालो? आई हो म्हणाली. दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे, असं काका म्हणाले होते. मग घरात उरलेल्या दाखल्यावर, म्हणजे तुझ्या, माझं ओळखपत्र निघालं. ते दोन आठवडे अजून संपायचेत.

त्या कागदाने मला काय मिळालं तेही ऐक. पुढच्याच वर्षी लष्कराची गाडी आली. सक्तीच्या भरतीची यादी, त्यात ओल्मेदो आनांगोनो, वय एकोणीस. मी सोळाचा होतो. तू तिकडे स्वतःपेक्षा तीन वर्षांनी लहान पोरांच्या नडगीवर लाथा घालून नाव कमावत होतास, आणि मी पूर्वेच्या जंगलात तुझ्या वाट्याची बंदूक घेऊन वर्षभर उभा होतो, दोन मापं मोठ्या बुटांत.

आणि तुझी ती कारकीर्द. ती मी अबेलार्दोकाकांच्या दुकानातल्या टीव्हीवर बघितली आहे, बघावीच लागली. सत्त्याऐंशीची फायनल आठवते? समालोचक किंचाळला, इटालो आनांगोनोने स्वतःच्याच जाळ्यात चेंडू मारला. दुकानात तीस माणसं होती. तिसांच्या तिसांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी केळ्यांचा घड धरून उभा होतो. जन्मात मी चेंडूला नीट लाथ मारलेली नाही, आणि अख्खा देश माझं नाव घेऊन आईवरून शिव्या देत होता. देशाच्या शर्टात तू किती खेळलास? वीस मिनिटं. त्यात एक पिवळं कार्ड. तेही माझ्या नावावर जमा.

आता जमीन. मळ्यावर चाळीस वर्षं ऊस तोडला तेव्हा आईला तो तुकडा मिळाला, आणि गावच्या रीतीप्रमाणे तिने तो धाकट्याच्या नावावर केला, कारण म्हातारपणी धाकटा जवळ राहतो. मी राहिलोय. ज्या तुरीला तू नाक मुरडतोस ती विकून माझ्या दोन पोरी शाळेत जातात आणि आईचं औषध येतं. माझं नाव घेतलंस, वय घेतलंस, वाढदिवसाचे केक खाल्लेस. आता पायाखालची माती उरली होती, तीही तू टाळ्यांसाठी वाटायला काढलीस.

पार्सल सोडवलं. खिडकीवरच्या माणसाने कार्ड बघून विचारलं, ओल्मेदो का? मी मान हलवली. शर्टांना वास येतोय, धुऊन पाठवायची पद्धत तुमच्याकडे नसावी.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं, वाईट शब्द गाळून. फार काही उरलं नाही.

इटालो


ग्वायाकिल, ११ सप्टेंबर १९९६

प्रिय ओल्मेदो,

केळ्यांचा घड धरून उभा होतो, असं तू लिहितोस. तुझी सगळी हयात त्यात आली. बाकीचे काहीतरी करत होते आणि तू केळी धरून बघत होतास.

त्या गोलाबद्दल एकदाच सांगतो. तो चेंडू कसाही आतच जाणार होता. माझ्या पाठीमागे त्यांचा नऊ नंबर मोकळा उभा होता, कारण आमच्या डाव्या बाजूचा बावळट कमरेवर हात ठेवून हवा खात होता. गोलकीपरने ओरडायला हवं होतं, तो ओरडला नाही. मी पाय घातला. पाय घालणं हेच माझं काम. शंभर वेळा घातला तेव्हा कोणी बघितलं नाही, एकशे एकाव्यांदा सगळ्यांनी बघितलं. डिफेंडरचं बरोबर आलेलं काही दिसतच नाही, हे तुझ्यासारख्या माणसाला कसं समजावायचं.

आणि वय घेतलंस म्हणतोस. घेतलेलं वय काय करतं ते तुला ठाऊक नाही. ब्याण्णव साली पेपरात आलं, एकोणतिसाव्या वर्षीच आनांगोनोचे पाय जड, रात्री कुठे असतो याची क्लबने चौकशी करावी. मी बत्तीस वर्षांचा होतो, गुडघ्यात पाणी झालं होतं, आणि रात्री नऊला झोपत होतो. कोणाला सांगणार? दारूचा थेंब न पिता मी दारुडा ठरलो. तुझ्या तीन वर्षांची किंमत मी मोजली आहे.

जमिनीचं ठरलंय. फक्त एक किरकोळ बाब आहे. तो तुकडा कसण्याचा हक्क आईला हयातभर आहे, आणि तिला लिहितावाचता येत नाही. म्हणून नोटरीबाईंच्या नियमाप्रमाणे दोन साक्षीदारांसमोर आईने सांगायचं, हा माझा मुलगा इटालो, त्याच्या देण्याला माझी संमती आहे. मग अंगठा. एक वाक्य. अठ्ठ्याहत्तर साली म्हणाली होती तेच.

तू त्या दिवशी तोंड उघडायचं मनात आणलंस तर नीट विचार कर. खोट्या कागदाबद्दल दोघंही आत जाऊ. माझे अठरा वर्षांतले सगळे सामने पुसले जातील. आणि तुझ्या पोरी कागदावर ओल्मेदोच्या आहेत. उद्या त्या कोणाच्या?

इटालो


एल रेमोलिनो, २० सप्टेंबर १९९६

दादा,

मी तोंड उघडणार नाही. गावात कोणीच उघडणार नाही, हे तुला पक्कं माहीत आहे, म्हणून तर तुझी एवढी हिंमत. खोऱ्यात अनोळखी गाडी दिसली की आजही दारादारातून निरोप जातो, आणि गाडी पुलावरून आत येईपर्यंत मी ओल्मेदो झालेलो असतो. तुझ्या जन्माआधीच्या म्हाताऱ्यासुद्धा चुकत नाहीत. आमच्या गावात पाणी वेळेवर येत नाही, शाळेत मास्तर टिकत नाही, पण हे एक काम अठरा वर्षं बिनचूक चाललंय. एका माणसाने लोकांच्या नडग्या फोडाव्यात म्हणून.

तुझी अक्कल किती आहे ते मला ठाऊक होतं. आईचं वाक्य तुला किरकोळ वाटेल असं मात्र वाटलं नव्हतं. म्हणून आता तुला ते सांगतो जे सांगू नकोस असं तिने मला बजावलं होतं.

त्या अठ्ठ्याहत्तरपासून आईने चर्चमध्ये प्रसाद घेतलेला नाही. क्लबचा माणूस गेल्यावर पुढच्याच रविवारी ती पाद्रीकडे कबुलीला गेली. मुलाच्या नावाबद्दल खोटं बोलले म्हणाली. पाद्री म्हणाला, जे बोललीस ते माघारी घे, मग ये. माघारी घेतलं असतं तर त्याच आठवड्यात तुझा शर्ट गेला असता. ती परत गेली नाही. तीन पाद्री बदलले. अठरा वर्षं ती शेवटच्या बाकावर बसते. सगळे उठून पुढे जायला लागले की ही गुडघे आवरून त्यांना वाट देते आणि बसून राहते. बायका सुरुवातीला विचारायच्या, आता विचारत नाहीत. आपली आई, जी उपाशी राहिली पण जिने रविवार चुकवला नाही.

तू या अठरा वर्षांत चारदा घरी आलास. चारही वेळा रविवारी सकाळी झोपला होतास. तुला दिसणार कसं.

मला तुझी कीव करायची सवय नाही, आणि तुझ्यापुढे हात पसरायची तर मुळीच नाही. तरी लिहितो. जमीन घे. मी दुसऱ्याच्या रानात मजुरी करीन, पोरींना सांगेन काहीतरी. नोटरीबाईंना दुसरा मार्ग विचार, लाच दे, काय वाटेल ते कर. पण आईला पुन्हा ते वाक्य बोलायला लावू नकोस. ती बहात्तर वर्षांची आहे. तिला आता पुढे जाऊन गुडघे टेकायचेत, मागे बसून मरायचं नाही.

इटालो


ग्वायाकिल, २८ सप्टेंबर १९९६

प्रिय ओल्मेदो,

दुसरा मार्ग नाही. विचारलं. नोटरीबाई तरुण आहे आणि भलतीच कडक आहे.

आईचं ऐकून वाईट वाटलं. पण देवाला कळतं कोण कशासाठी बोललं ते. नसेल कळत तर तोही रेफ्रीच म्हणायचा. पत्रकारांना बोलावणी गेली आहेत, काकांनी पाट्या रंगवल्यात. आता मागे फिरणं म्हणजे हसं करून घेणं.

तू मला मूर्ख समजतोस, समज. पण माझ्याकडे बघ एकदा. मी तेहतीस सांगतो, छत्तीसचा आहे, दिसतो पंचेचाळीसचा. मला दुसरं काही येत नाही. लहान मुलांना शिकव म्हणतात, मला लहान मुलं आवडत नाहीत. सहा महिन्यांनी या शहरात मला कोणी चहालासुद्धा बोलावणार नाही. फॉरवर्डांचे गोल लोक वर्षानुवर्षं दाखवतात. अडवलेले चेंडू कोण दाखवतं? एखादी भिंत तरी राहू दे माझ्या नावाची.

शनिवारी निघतो.

इटालो


ग्वायाकिल, १४ ऑक्टोबर १९९६

भावा,

आठवडाभर हे पत्र लिहायला घेतोय आणि फाडतोय.

तू शब्द पाळलास, काही बोलला नाहीस. तू मागे नांदुरकीसारख्या त्या मोठ्या झाडाखाली पांढरा शर्ट घालून उभा होतास, मी बघितलं. म्हणून तुलाच विचारतो. आईला हे कधीपासून होतंय?

मांडवापासून तू लांब होतास, तुला सगळं ऐकू गेलं नसेल. काकांचं भाषण संपलं, ढोल थांबले, नोटरीबाईंनी फाइल उघडली. आईला खुर्ची दिली होती, ती बसली नाही. बाईंनी विचारलं, "एर्मेलिंदाबाई, हे तुमचे चिरंजीव इटालो ना?" आई माझ्याजवळ आली. बुटांपासून वरपर्यंत बघितलं, अगदी सावकाश. माझा टाय हातात घेऊन कापड बघितलं आणि सोडून दिलं. मग बाईंकडे वळून म्हणाली, "मी या गृहस्थांना ओळखत नाही."

लोक हसले. काका माइक बाजूला धरून म्हणाले, "अगं वहिनी, हा इटालो नाही का, टीव्हीवरचा." आई म्हणाली, "मग टीव्हीवाल्यांना विचारा."

बाईंनी तिला आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच. एक मुलगा की दोन, असं विचारलं तेव्हा म्हणाली, दोन झाले. नावं विचारली तर म्हणाली, पाणी द्या. बाईंनी फाइल मिटली. संमती देणारीची स्मृती शाबूत दिसत नाही, व्यवहार होऊ शकत नाही, असा शेरा मारला आणि गाडीत बसून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो होता, पहिल्यांदाच एवढा मोठा. खाली लिहिलं होतं, देश ज्याला ओळखतो त्याला आई ओळखेना. इथे क्लबात सगळे येऊन खांद्यावर हात ठेवून जातात. त्या लोळणाऱ्या फॉरवर्डने तर गळ्यात पडून रडून घेतलं, मेल्याला तेवढंच येतं.

मैदानाचं मला आता काही वाटत नाही. पण ती माझ्याकडे बघत होती, इतक्या जवळून, आणि डोळ्यांत काही म्हणजे काही नव्हतं. बसमध्ये बसल्यापासून मला तेच दिसतंय. इथल्या मोठ्या डॉक्टरांशी बोललोय, तिला घेऊन ये, राहायची सोय करतो. ती तुला ओळखते का? पोरींना ओळखते? खरं सांग. मला टोमणे नकोत, खरं सांग.

तुझा भाऊ


एल रेमोलिनो, २४ ऑक्टोबर १९९६

दादा,

टोमण्यांशिवाय लिहायला मला वेळ लागतो, म्हणून उशीर झाला. जमलंय असं नाही.

आईचं डोकं तुझ्या नि माझ्या डोक्यापेक्षा ठिकाणावर आहे. डॉक्टरला सांग, गरज तुला आहे.

त्या शनिवारी तू पुलापाशी बसमधून उतरलास. काळा चष्मा, टोपी, सुटाबुटात. पुलावर बसलेल्यांपैकी कोणी तुला ओळखलं नाही, कोणीतरी सिमेंटवाला साहेब आला असं वाटलं. आई दारात बसून शेंगा सोलत होती. पुलापासून आपलं दार किती लांब आहे ते तुला आठवत असेल. तिने एकदा वर बघितलं आणि म्हणाली, "ओल्मेदो आला. डावा गुडघा वाकवत नाहीये." आणि परत शेंगा सोलायला लागली. तू मात्र आधी काकांच्या दुकानात गेलास. तिने तुझ्यासाठी भात-तूर झाकून ठेवली होती. तू काकांकडे जेवलास आणि तिथेच झोपलास. समारंभाआधी एकदाही घरी आला नाहीस. ती तुझ्याशी बोलायची वाट बघत होती, तू तिला थेट मांडवात बघितलंस.

समारंभानंतर घरी येताना ओढ्यापाशी थांबून तिने विचारलं, "मी खोटं बोलले का रे?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मी ज्याला वाढवलं तो असा आला नसता."

आता तुझ्या जाड टाळक्यात शिरेल असं सांगतो. अठ्ठ्याहत्तर साली क्लबच्या माणसासमोर ती म्हणाली होती की हा इटालो. ते तिने नोटरीसमोर, काकांसमोर, माइकसमोर माघारी घेतलं. तुला इटालो म्हटलं नाही. तुझ्यावरही बोट दाखवलं नाही. जमीन वाचली, माझ्या पोरी वाचल्या, तुझे ते अठरा वर्षांतले सामने वाचले, तुझ्या केसालाही धक्का लागला नाही. सगळा दोष तिने स्वतःच्या म्हातारपणावर घेतला. आता बाजारात पोरंटोरं तिला मोठ्याने विचारतात, आजी, मी कोण? ती म्हणते, तू बिनडोक. पाय घालणं म्हणजे काय ते मला समजत नाही असं तू लिहिलं होतंस. मला आता समजलं. तू एवढी वर्षं खेळलास, पण असा एकही चेंडू तू अडवला नसशील.

गेल्या रविवारी ती पाद्रीकडे गेली. अर्धा तास आत होती. काय बोलली ते मला माहीत नाही. मग सगळ्यांबरोबर उठून पुढे गेली. येताना शेवटच्या बाकाकडे वळली सवयीने, थांबली, आणि दुसऱ्या रांगेत माझ्या पोरींजवळ येऊन बसली. मी बाहेर जाऊन रडलो. हे तुला सांगायचं नव्हतं, पण सांगितलं.

बारा नोव्हेंबरला तुझा वाढदिवस. केकवाला नव्हे, खरा. त्या दिवशी ती दर वर्षी मेणबत्ती लावते, तेही तुला माहीत नसेल. या वेळी पार्सल पाठवतेय. गुडघ्याला चोळायला उसाच्या दारूत मुरवलेला पाला आहे, भाजलेली तूर आहे, दारातल्या झाडाची फळं आहेत. वर नाव काय घालू म्हणून विचारलं, तर माझ्याकडे बघून म्हणाली, "त्याचं नाव ओल्मेदो आहे ना? मग?" तसंच घातलंय. ओल्मेदो आनांगोनो, बस ऑफिस, ग्वायाकिल. खिडकीवर ओळखपत्र दाखव, त्याशिवाय ते लोक काही देत नाहीत.

इटालो


ग्वायाकिल, १३ नोव्हेंबर १९९६

इटालो,

तुझं नाव तुला लिहायला हात अडखळतो. अठरा वर्षं ते मीच सही म्हणून करतोय.

काल सकाळी बस ऑफिसात गेलो. खिडकीवरच्या माणसाने मला बघितल्याबरोबर खुर्ची सोडली. इटालोसाहेब, या, या, म्हणाला. सत्त्याऐंशीच्या त्या गोलाच्या वेळी मी पोरगा होतो, तीन दिवस जेवलो नव्हतो, तुम्हाला फार शिव्या दिल्या, आज माफी मागतो, असंही म्हणाला. मी म्हटलं, पार्सल आहे. त्याने पार्सलवरचं नाव विचारलं. सांगितलं. त्याने काढून समोर ठेवलं. आईने गोणपाटाला घातलेले टाके मी लांबून ओळखले. हात पुढे केला तर म्हणाला, हे ओल्मेदो कोण आपले? भाऊ का? त्यांचं कार्ड लागेल.

मी म्हटलं, "ओल्मेदो मीच आहे."

हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा परक्या माणसाला बोललो. तो हसला. मागच्या खोलीतून दोघांना बोलावलं, म्हणाला, बघा इटालोसाहेब काय गंमत करतायत. मी पुन्हा सांगितलं. तो जरा गंभीर झाला, म्हणाला, साहेब, आईंचं पेपरात वाचलं, मनाला लावून घेऊ नका. आणि एक वही पुढे केली, पोरासाठी सही द्या म्हणून. मी पेन घेतलं, म्हटलं आता खरी सही करून दाखवतो. पेन तसंच धरून राहिलो. ओल्मेदोची सही कशी असते ते मला माहीतच नाही. अठराव्या वर्षापर्यंत मला कोणी सही मागितली नव्हती.

आज परत गेलो. तेच. एवढ्या मोठ्या शहरात आईशिवाय कोणी मला ओळखत नाही, आणि ती इथे नाही.

अबेलार्दोकाकांना लिहिलंय, मैदान दुसरीकडे करा, नाव कोणाचंही द्या, माझं नको. पत्राखाली कोणती सही करावी कळेना, म्हणून केलीच नाही.

पार्सलमधली फळं उतरायला लागली आहेत. खिडकीतून वास येतो, आपल्या दारातल्या झाडाचा, ओळखीचा. तो माणूस म्हणतो शनिवारपर्यंत ठेवतो, मग नियमाप्रमाणे फेकावं लागेल. ओल्मेदो आनांगोनोचं कार्ड या देशात एकच आहे, ते तुझ्या खिशात आहे. शुक्रवारच्या बसने ये. तू खिडकीवर उभा राहा, मी बाहेर थांबतो. पार्सल मिळालं की आपण दोघं दुसऱ्या बसने घरी जाऊ, रविवारच्या आत.

आईला आधी सांगू नकोस. पुलावरून चालत येईन. तिला बघू दे.

ओल्मेदो